धक्क्याला होडी लावताना

बाहरीन, फेब्रुवारी १९८६

चि. गुणाजी, तुझ्या दादाचे आशीर्वाद.

आयेला पाया पडलो म्हणून सांग. मी बरा आहे. मासळी मिळते, कालवणात घालायला कोकमाची सोलां मात्र नाहीत.

होडीला मशीन बसवलीस आणि मालवणच्या धक्क्यावरून माणसे नेणार, हे कळले. मशीन लांबूनच मंद कर, होडीला ब्रेक नसतो. वारा समोरून घेऊन धक्क्याला ये. निघताना मशीन नीट चालते हे बघून मगच दोरी सोड. ती पाण्यात लोंबू देऊ नको, पंख्यात गुंडाळते.

आपल्या कुणकेश्वरच्या वाळूवर होडी आली की बघणारासुद्धा धावतो आणि हात लावतो. गेल्या महिन्यात मी इथल्या धक्क्यावर उभा होतो. लाँच जोरात आली, आणि मी सवयीने उजवा हात पुढे केला. इथे वाळू नाही, दगड आहे. तेव्हा होडी दोरीने धर, हाताने नको. माणसांनाही हात आत ठेवायला सांग.

आयेचा गुडघा कसा आहे? छपराची कौले शाकारलीस काय?

हे पत्र माझ्या खोलीत राहणाऱ्या मल्याळी मास्तरांच्या एका मित्राने लिहून दिले, त्याला मराठी येते. आयेला वाचता येत नाही, तिला तूच वाचून दाखव, हाताचे तेवढे गाळ. तुझ्या वहिनीला, कावेरीला मात्र अक्षर बघूनच कळेल. तिला सांग, 'त्याका लिवक कंटाळो येता.'

तिला ते पटायचे नाही. तरी सांग.

तुझा दादा,
भिकाजी