भरलेली पाण्याची बाटली

आई, तुला लिहितेय, कारण हे जिवंत माणसाला सांगायची माझी हिंमत नाही. तुझी नात सहा वर्षांची झाली, तू तिला पाहिलंच नाहीस. तिची लघवी उलटी किडनीकडे चढते, त्यानं सारखा ताप येतो. मंचरच्या डॉक्टरांनी एक औषध दिलंय. ताप असो नसो, जेवण झालं की रोज थोडंसं पाजायचं, म्हणजे इन्फेक्शन होऊच नये. "पण पाणी भरपूर पाजा, आणि लघवी धरून ठेवू देऊ नका. किडनी खराब व्हायला वेळ लागत नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं. आठ महिन्यांत मी औषध एक दिवस चुकवलेलं नाही.

तू मला आठवतेस ती कळंबच्या रानात, कांद्याच्या लागणीला. कळशी बांधावर, आणि तुम्ही बाया दिवसभर तिला शिवत नाही. मी तांब्याभर प्यायले की ओरडतेस, "किती ढोसतीस गं! हितं आडोसा हाय का कुठं? बाईमाणसाला कळ काढता आली पायजे." पुढं तुझे पाय सुजले, तोंड सुजलं, किडन्या गेल्या. कशानं, ते कोणी सांगितलं नाही. मी मात्र तेव्हापासून तुझ्यावर रागावलेय, लई रागावलेय.

आणि माझी अक्कल बघ. दिवाळीत एसटीनं येताना आळेफाट्याला पोरगी म्हणाली, "मम्मी, शू." स्टँडवरची मुतारी बघून मला शिसारी आली. "घरी गेल्यावर कर," म्हटलं. तिनं घरापर्यंत कळ काढली, आणि मी सगळ्यांसमोर कौतुक केलं, "शहाणी गं माझी पोर!"

सोमवारी ती शाळेतून आली तर बाटली भरलेलीच. "मी पाणीच पित नाय," म्हणाली, "मग जायलाच लागत नाय. शहाणी ना मी?" कधीपासून, विचारलं, तर म्हणे दिवाळीपास्नं.

काल हुडहुडी भरून तापली. डॉक्टरांनी लघवी तपासायला घेतली आणि विचारलं, "धरून ठेवते का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो." त्यांचा चेहरा उतरला. "मग जंतू या औषधाला सरावलेले दिसतात. रिपोर्ट येऊ दे, जोराचं द्यावं लागेल." पोरगी टेबलावर पडून माझ्याकडे बघत होती.

रिपोर्ट उद्या येणार. फोन करून खरं सांगायला हवं. सकाळपासून मोबाइल हातात घेऊन बसलेय, आणि लिहितेय तुला. हा कागद तिच्या सोनोग्राफीच्या फाइलीत मागं ठेवीन. आई, डॉक्टरांपुढं मी पोरीसाठी घाबरले नव्हते गं. माझ्यावर येईल म्हणून घाबरले.