बबननानांना दिलेला सरकारी शब्द

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती,
जि. बीड.

अर्जदार : श्रीमती चंद्रभागाबाई बबनराव नागरगोजे, वय ६८, धंदा शेती, रा. मौजे हिवरदरा.

विषय : मौजे हिवरदरा येथे प्लास्टिक बंदी प्रत्यक्षात लागू करून मयतास दिलेला शब्द पुरा करणेबाबत; ते जमत नसल्यास सदर शब्द रीतसर परत घेणेबाबत.

संदर्भ : १) महाराष्ट्र शासनाची प्लास्टिक बंदीची अधिसूचना, मार्च २०१८.
२) ग्रामसभेचा त्याच आशयाचा ठराव, एकमताने मंजूर.
३) तत्कालीन ग्रामसेवकांनी दशक्रियेच्या दिवशी ओढ्याकाठी दिलेला तोंडी शब्द.
४) आमचा मागील अर्ज निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, अर्जदार सही करतात, परंतु सरकारी मराठी त्यांना येत नाही. सबब हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून गावच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिला आहे. बत्तीस वर्षे लोकांची पत्रे पोचवल्यामुळे न पोचलेल्या गोष्टीचा राग लिहिणाऱ्यास जरा जास्त येतो. तो कोठे दिसल्यास माफी असावी.

१. अर्जदाराचे पती कै. बबनराव, गावात बबननाना, यांना एक खोड होती. ओढ्यावरील पुलाच्या तीन नळ्यांत अडकलेल्या कॅरीबॅगा व गुटख्याच्या पुड्या (गुटखाही बंदच आहे, असे ऐकतो) ते रोज सकाळी लोखंडी आकडीने ओढून काढीत. प्रत्येक कॅरीबॅग धुऊन, वाळवून तिची तळहाताएवढी चौकोनी घडी करीत आणि घड्यांची चळत कठड्यावर ठेवून वर दगड ठेवीत. लोक हसत. नाना म्हणत, "हसा की बे. पानी घरात आल्यावर बी असंच हसा."

२. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तसेच झाले. नळ्या तुंबल्या, पाणी खालच्या आळीत शिरू लागले. नाना आकडी घेऊन उतरले. मधली नळी मोकळी झाली आणि त्याच लोंढ्यात नाना गेले. तिसऱ्या दिवशी ते खाली बाभळीच्या बेटात सापडले, तेव्हा आकडी मुठीतच होती. खालच्या आळीतल्या एकाही घराची भिंत पडली नाही, हे तलाठ्याच्या पंचनाम्यातही आहे.

३. दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे बाभळीवर रांगेने बसलेले, खाली एक उतरत नव्हता. मुलगा रामेश्वर म्हणाला, "नाना, आईला सांबाळीन." नात वर्षाराणीच्या शिक्षणाचा शब्द झाला, बांधाचे भांडण मिटवल्याचे चुलतभावाने कबूल केले. ऊन डोक्यावर आले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात तत्कालीन ग्रामसेवक, ज्यांना तालुक्याला बैठकीस जायचे होते, ते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "नाना, सरकारचा माणूस म्हणून शब्द देतो. गावात उद्यापासून कॅरीबॅग बंद." त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत कावळ्याने पिंड उचलला. हे दीडशे लोकांनी पाहिले.

४. त्यानंतर महिन्याभरात ग्रामसेवकांची बदली झाली. कॅरीबॅगांची झाली नाही.

५. आपल्या कार्यालयाने काहीच केले नाही, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. "प्लास्टिक हटवा, गाव वाचवा" असा मोठा फलक आपण पाठविला. तो फ्लेक्सचा होता. गेल्या वर्षी आखाडातल्या वाऱ्यात तो फाटला व पुलाच्या मधल्या नळीत जाऊन बसला. चौथ्या दिवशी सकाळी तो कठड्यावर होता. धुतलेला, वाळलेला, चौकोनी घडी केलेला. वर दगड होता.

६. लिहिणाऱ्याचा भुताखेतांवर विश्वास नाही, परंतु घड्या त्याने स्वतः मोजल्या आहेत. गेल्या वर्षभरात अशी सकाळ क्वचितच गेली की कठड्यावर चळत नाही. आम्ही पाळीपाळीने पहाटेपासून पुलावर बसून पाहिले. डोळ्यादेखत काही होत नाही. पाणी प्यायला मान वळवावी, तर घड्या तयार. अर्जदारावरही लोकांनी संशय घेतला. त्या आठ दिवस लेकीकडे नेकनूरला राहून आल्या. घड्या चालूच होत्या.

७. गाव आधी भ्यायले, मग सोकावले. आयत्या धुतलेल्या पिशव्या म्हणून किराणा दुकानदार बद्रीनाथ त्या उचलून नेऊ लागला व त्यातच डाळ-साखर देऊ लागला. वच्छलाबाईंनी घरी जाऊन साखर डब्यात ओतली आणि पिशवीवरच्या चौकोनी चुण्या पाहून त्या तशाच ओढ्याकडे निघाल्या. त्यांनी ती पिशवी ओढ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तिची पुन्हा घडी झाली होती. आता गावात एकही घर असे नाही जिथे नानांच्या हातची घडी गेलेली नाही, आणि संध्याकाळी कोणी कॅरीबॅग चुरगाळली तरी घरातली माणसे बोलायची थांबतात.

८. गेल्या पितृपक्षात अर्जदाराने घास ठेवला. कावळा आला, पाहून निघून गेला. तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे : "अठ्ठेचाळीस वर्सं मी त्यांला एक शब्द लबाड बोलले न्हाई. आन् मेल्यावर सरकारनं काहून फसवावं त्यांला?"

९. आपल्या पत्रात "मयत व्यक्तीस दिलेल्या आश्वासनाची नोंद अभिलेखात आढळून येत नाही, तसेच संबंधित कर्मचारी बदलून गेले आहेत" असे कळविले आहे. नम्र निवेदन की, माणूस बदलला तरी पद राहते, हे आपणच आम्हास शिकविले. शब्द पदाने दिला होता. अधिसूचना आहे, ठराव आहे, दंडाची तरतूद आहे. फक्त बद्रीनाथच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढणारा कोणी नाही.

१०. सबब विनंती की, येत्या पितृपक्षातील वद्य पंचमीपूर्वी, म्हणजे नानांच्या तिथीपूर्वी, बंदी लागू करावी. ते शक्य नसल्यास आपण स्वतः किंवा अधिकार असलेला माणूस ओढ्याकाठी पाठवावा. त्याने पिंड ठेवला त्याच जागी उभे राहून मोठ्याने, साध्या बोलीत सांगावे की नाना, आम्हाला जमले नाही, शब्द परत घेतो. हे अर्जदारास स्वतः सांगवत नाही.

११. अर्ज वाचून दाखविल्यावर लिहिणाऱ्याने अर्जदारास एक गोष्ट विचारली, ती प्रामाणिकपणे नोंदवितो. बंदी झाली किंवा शब्द परत घेतला, तर उद्यापासून कठड्यावर घड्या येणार नाहीत, हे आपण जाणता काय? अर्जदार रोज सकाळी पुलावर जातात, वरच्या घडीवरून हात फिरवितात, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी सहीसाठी पेन मागून घेतला. मग म्हणाल्या, "थांबू द्या. लई दमलेत ते."

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही) चंद्रभागाबाई बबनराव नागरगोजे

लिहून देणार : धुळाजी मारुती गडदे, निवृत्त शाखा डाकपाल
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) ग्रामसभा ठरावाची प्रत.
२) पंचनाम्याची प्रत.
३) दशक्रियेस हजर असलेल्या ४१ जणांच्या सह्या व अंगठे.
४) कॅरीबॅगची घडी, एक. आवक नोंदवहीत नोंदवून घ्यावी, उलगडू नये. तिच्यावरचा दगड जोडलेला नाही. तो अर्जदाराने स्वतःजवळ ठेवून घेतला आहे.