तळ्यावरची पाणमांजरं

तळेमाळ, ता. शाहूवाडी
१२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. आक्कास,

धाकट्या जोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. दिवाळीला तुझ्याकडं येणं जमलं न्हाय, राग धरू नको. तळ्यावरनं हलायचीच चोरी झालीया.

मच्छीमार संस्थेच्या तळ्यावर राखणीला लागून मला चार वर्सं झाली. यंदा जाळं टाकलं, तर निम्मंसुद्धा मासं घावलं न्हाईत. चेअरमन गुंडूअण्णा चारचौघांत म्हणाला, की माशांस्नी काय पंख फुटलं न्हाईत, राखणदारालाच इचारा. वर म्हणाला, की ज्या जोतिबाचं नाव लावतोस त्याच्या पायरीवर हात ठेवून सांग. मी नुसता उभा हुतो. काय बोलावं सुचलंच न्हाय.

तवापासनं टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतंय. गिरणीत एका बाईनं तुझ्या भावजयीला हसत हसत इचारलं, की एवढं मासं कुठल्या बाजारात घालता. अंबू दळण तिथंच टाकून घरला आली. दोन महिनं आमच्या चुलीवर मासा शिजला न्हाय. वास सुटला तर लोक काय म्हणतील? दिवसभर बांधावर फिरतो, चोर काय घावत न्हाय. लई दमलोय बघ, आक्का. कामानं न्हाय, लोकांच्या नजरांनी.

दाजींस नमस्कार सांग. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा,
जोतीराम

वारणानगर
२० नोव्हेंबर १९९८

चि. जोतीरामास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले. वाचून आधी तुझा राग आला, मग गुंडूचा. उभा होतास आणि बोलला नाहीस म्हणजे काय? लहानपणी माझ्या वेण्या ओढून वर आईकडे माझीच चहाडी करायचास, तेव्हा बरं तोंड चालायचं.

इथलं विचारशील तर दाजींना डेअरीत पुन्हा रात्रपाळी लागली आहे. ते दिवसा झोपतात आणि मी माझ्याच घरात भांडं वाजू न देता वावरते. माझीही कंबर आता धड राहिली नाही.

पण परवा एक नवल बघितलं. बंधाऱ्याखाली धुणं धूत होते, तर पाण्यातून चार डोकी वर आली. मला वाटलं कुत्री पोहतात. शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या, की अगं, पाणमांजरं ती, माझ्या माहेरच्या नदीला असायची. अंग तेल चोपडल्यासारखं, शेपटी चपटी, एकाच्या तोंडात वीतभर मासा. कॉलनीतल्या माणसांनी दगड मारले तशी बुडाली, ती पार पलीकडे निघाली. दुसऱ्या दिवशी गेले तर कुठं मागमूस नाही. धोंडुबाई सांगत होत्या, की ती एका जागी टिकत नाहीत, आज इथं तर चार दिवसांनी भलतीकडेच, आणि पाणी आटलं तर रानातूनही चालत जातात.

तुझ्या तळ्याचा चोर दोन पायांचाच आहे, असं कुणी सांगितलं? सकाळी लवकर जाऊन गप्प बसून बघ. आणि जेवत जा. अंबूला जवळ घेतलंय म्हणून सांग.

तुझी,
आक्का

तळेमाळ
३ डिसेंबर १९९८

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून मी हसलो हुतो. कडवी नदी तळ्यापास्नं दीड-दोन मैल, मधी नुसती भाताची खाचरं. एवढं चालून कोण येतंय म्हटलं.

काल सकाळी सातला धुक्यात बसलो हुतो. सांडव्याच्या मोठ्या दगडावर कायतरी हललं. दोन मोठी आन् दोन पिल्लं. मोठ्यानं रोहू दोन्ही हातांत धरला हुता, माणसावानी, आन् डोक्याकडनं करकर खात हुता. पिल्लं शिट्टी घातल्यागत वरडत त्याच्या अंगावर चढत हुती. माझा चहा हातातच गार झाला. चार वर्सं तिथं बसतोय, पर असं कधी बघितलं न्हवतं. ती गेल्यावर दगड बघितला. त्यांची घाण पडलेली, सगळी माशांच्या खवल्यांनी भरलेली.

घरी सांगितलं तर अंबू चुलीपुढं बसून रडली. म्हणाली, की आत्ताच्या आत्ता जावा आन् गुंडूअण्णाला दावा.

पर वाटंत गावातला म्हातारा ज्ञानूतात्या भेटला. त्यो म्हणाला, की पन्नास वर्सांमागं ही जनावरं आलती, तवा गावानं माशात इख घालून सगळी मारली. ते ऐकलं आन् मी माघारी फिरलो. आक्का, काय करू? गप्प बसलो तर चोर मी. बोललो तर ती पिल्लं जाणार.

उत्तर लगेच धाड.

तुझा,
जोतीराम

वारणानगर
९ डिसेंबर १९९८

चि. जोतीरामास,

अनेक आशीर्वाद. यात विचारायचं काय आहे? दाखव. तुझं नाव आधी. अंबूनं आणखी किती दिवस खाली मान घालून पाणी आणायचं? आधी तू मोकळा हो, पुढचं पुढं बघता येईल.

मला कठोर म्हण हवं तर. मी दगड मारणाऱ्यांतली नाही, पण तू माझा भाऊ आहेस. आज जास्त लिहवत नाही. खुशाली कळव.

तुझी,
आक्का

तळेमाळ
२८ डिसेंबर १९९८

ती. सौ. आक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझं ऐकलं. सगळ्या कमिटीला सांडव्यावर न्हेऊन दगड दावला. नशिबानं जनावरंबी पाण्यात दिसली. गुंडूअण्णानं काठीनं ती घाण उकरून बघितली. मग म्हणाला, की जोत्या, चुकलं आमचं. माझ्या कानावर ते नीट पडायच्या आत दुसरं बोलला, की आता राखणदार तूच हायस, तर हे कामबी तूच कर. दुपारी सहा रोहू आन् पिकावरच्या औषधाची बाटली घरी धाडली.

अंबू आन् मी त्या माशांकडं बघत बसलो. ती म्हणाली, की आत्ताच कुठं नाव धुतलंय, आता काम जाईल. मी म्हटलं, जाईल. मग तिनंच कुदळ आणून दिली. मासं परड्यात खोल पुरलं. दुसऱ्या दिशी बाटली तशीच चावडीवर ठेवली आन् सगळ्यांम्होरं सांगितलं, की हे माझ्या हातनं हुणार न्हाय. आक्का, ह्या बारीला तोंड उघडलं बघ.

काम गेलं. त्याच दिशी मलकापूरला जाऊन फॉरेस्टच्या गार्डाला आणलं. त्यो कमिटीला म्हणाला, की ह्यांस्नी मारलं तर तुरुंग हाय. म्हणाला, की ही फिरती जनावरं, दिवसात पाच-सहा मैल जात्यात, आपसूक हलतील. गुंडूअण्णा माझ्याशी बोलत न्हाय. पर चोर कुणी म्हणत न्हाय.

आता सडकंकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जळणाला उसाचं चिपाड घालतोय. धगीनं डोळं जळत्यात. परवा दुपारी पाणी प्यायला भाईर आलो, तर भर उन्हात ती चौघं सडक वलांडत हुती. मोठं फुडं, पिल्लं मधी, दुसरं मोठं मागं. उसाची बैलगाडी येत हुती. मी मधी जाऊन हात आडवं केलं. गाडीवाल्यानं लई शिव्या घातल्या. धाकटं पिल्लू सडकंच्या मधोमध बसलं, तर मागच्यानं त्याला मानंला धरून न्हेलं. पल्याडच्या पाण्याच्या वघळीत उतरली आन् दिसंनाशी झाली. तळ्याकडं न्हवं, पार उलट्या अंगाला.

गाडी गेल्यावर करंजाखाली जरा टेकलो. आक्का, बसल्या जागी झोप लागली. किती महिन्यांनी अशी लागली म्हणून सांगू! गुऱ्हाळवाला हाका मारत हुता म्हणं. मला कायबी ऐकू आलं न्हाय.

दाजींस नमस्कार. तुझी माया अशीच असू दे.

तुझा,
जोतीराम