गिऱ्हाइकाची खुर्ची

आई, काल तुझ्या नातीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लांब केस ड्रायरने वाळवायचे, पण खराब होऊ द्यायचे नाहीत, ते कसं, याचा. त्यातली गोडबोली मुलगी सांगत होती की ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या मऊ सुती कपड्यात दाबून पाणी टिपा. ड्रायर वीतभर लांब धरा, एका जागी थांबवू नका, वारा मुळांकडून टोकांकडे जाऊ द्या. नात म्हणाली, "आई, कसलं भारी सांगते ना ही!" मी हो म्हटलं. यातलं एकेक वाक्य मी मुलुंडच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या पडद्यामागे भांडी घासताना ऐकलं आहे. फक्त ते माझ्यासाठी कधी नव्हतं.

दुपारची जेवणं उरकली की बाहेरची खोली तुझं पार्लर व्हायची. भिंतीवर आरसा, त्यापुढे ती काळी फिरती खुर्ची, खिळ्याला टांगलेला ड्रायर. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गुजराती भाभी यायच्या, कमरेखाली केस असलेल्या. त्यांच्या केसांचे तू चार भाग करायचीस, एकेक भाग हातावर घ्यायचीस आणि ड्रायर आणि डोकं यांच्यामध्ये स्वतःचा तळहात धरायचीस. "भाभी, गरम लगा तो बोलना हां," असं इतक्या मायेने म्हणायचीस की मी नळ बंद करून ऐकत राहायचे. चटका बसायचाच असेल तर तो आधी तुझ्या हाताला बसायचा. शेवटी गार हवा. मग तू त्यांना बजावायचीस, "ओले केस कधी बांधायचे नाहीत हां, मुळं सैल होतात."

म्हणजे तुला ठाऊक होतं. आई, मला आजही हेच गिळवत नाही. ठाऊक नसतं तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. सकाळी माझ्या डोक्यावरून पाणी घेऊन झालं की तू निथळत्या केसांत कंगवा खुपसायचीस आणि दोन घट्ट वेण्या घालून, वर रिबिनी आवळून मला शाळेत पिटाळायचीस. दुपारपर्यंत त्या वेण्या आतून ओल्याच असायच्या. बाकावरच्या मैत्रिणीने एकदा नाकाला रुमाल लावला आणि बाईंना सांगून जागा बदलून घेतली. घरी येऊन मी रडले, तर तू म्हणालीस, "तिका वास येता तर तिणा नाक धरूचा." तेव्हा हसले होते मी, काय करणार! पण भांगापाशी केस विरळ झाले, ते कायमचे.

गॅदरिंगचा दिवस मी विसरलेले नाही. मला नाचात पुढे उभं केलं होतं आणि बाईंनी केस मोकळे सोडायला सांगितले होते. मी न्हाऊन आले, तू रिकामीच होतीस, कंगवे पुसत होतीस. मी खुर्चीत जाऊन बसले. आरशात तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ड्रायरकडे हात जाईल. तू घड्याळाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ऊठ गो, गिराईक येतला." मी उठले. माझ्या केसांचं पाणी खुर्चीवर सांडलं होतं, ते तू फडक्याने पुसलंस आणि दाराकडे बघत उभी राहिलीस. मी आतल्या पंख्याखाली केस पसरून बसले होते, मला दार दिसत होतं. कुणीही आलं नाही.

बाबांच्या आजारपणात घर त्या खुर्चीवर चाललं, हे मला कळतं. नातेवाईक ते मला अजून ऐकवतात. कळतं, आणि राग तसाच राहतो.

शेवटच्या वर्षी तू माझ्याकडे नाहूरला होतीस, अंथरुणाला खिळलेली. मी तुझे केस धुतले, सुती साडीच्या तुकड्यात टिपले, मध्ये तळहात धरून ड्रायर लावला. मला चटका बसला, तुला बसू दिला नाही. तू डोळे मिटून सूचना देत होतीस, "लांब धर. आता गार कर." झाल्यावर केसांवरून हात फिरवून म्हणालीस, "बरे सुकले. तुझ्याकडे गिराईक टिकात." तुझ्या तोंडून मला मिळालेली तेवढी एकच शाबासकी. त्या क्षणी ड्रायर आपटावा असं वाटलं. मी वायर गुंडाळून ठेवली.

आता ती खुर्ची माझ्याकडे आहे. तुझी नात तिच्यात बसते, पाय हलवत मोबाइल बघते, मी तिचे केस वाळवते, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही. वाटू नये, म्हणूनच करते. मी मात्र ओले केस क्लिपमध्ये कोंबून ऑफिसला पळते.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून एवढं सांगते. मागच्या रविवारी घरात कुणी नव्हतं. न्हाऊन आले आणि गॅदरिंगच्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. ड्रायर हातात घेतला, बटणावर अंगठाही ठेवला. बेल वाजली नव्हती, कुणी येणारही नव्हतं. तरी मी उठले, आणि फडकं आणून खुर्ची पुसली.