चौसष्टची कॉर्व्हेट आणि चार लिंबं

९ ऑगस्ट १९८६, शनिवार. अर्विंग.

कॉर्व्हेट आली! मॉडेल १९६४, कूपे, निळी. सव्वादहाला ट्रकवरून उतरली. ट्रकवाल्याने विचारलं, चालवून गॅरेजमध्ये घेता का. मी म्हटलं, इतक्या प्रवासानंतर अशा इंजिनाला एकदम नवा हात लागू नये, तूच घे. त्याने घेतली. किल्ली देताना हसला. का, कळलं नाही.

सुचित्राने ओवाळलं. मग आत डोकावून म्हणाली, दोनच सीट? घरात माणसं तीन. मी तिला स्पोर्ट्स कारचं तत्त्व समजावलं. ती ताम्हण ठेवायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

अडाणी लोक १९६३ च्या कूपेमागे लागतात. तिच्या मागच्या काचेत मधोमध उभी पट्टी होती. एकच वर्ष टिकली, कारण मागचं दिसत नसे. मी चौसष्टची घेतली. मला मागचं, पुढचं सगळं दिसलेलं आवडतं.

एक बारीक गोष्ट. गाडीला क्लच आणि चार गिअर आहेत. मी चौदा वर्षं ऑटोमॅटिक चालवतोय. पण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. संकल्प: पंधरा दिवसांत शिकणे. कोणालाही न कळता.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.

गॅरेजचं दार लावून सराव. इंजिन बंद. क्लच दाब, गिअर टाक, क्लच सोड. शंभर वेळा. एकदाही चूक नाही. इंजिन चालू करणं ही आता औपचारिकता.

१७ ऑगस्ट, रविवार.

इंजिन चालू केलं. गाडीने एकदम उडी मारली आणि कचऱ्याच्या डब्याला धडकली. डबा त्याच्या जागेवर नव्हता. विक्रमला दहादा सांगितलंय. सोळा वर्षांचा घोडा झालाय, पण डबा भिंतीला लावून ठेवता येत नाही.

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. गंजत नाही, पोचा येत नाही. तडा जातो. केसाएवढा गेलाय. दसऱ्याला त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढता येईल.

२४ ऑगस्ट, रविवार.

एकशेतीन डिग्री फॅरनहाइट. अशा उन्हात क्लच तापतो, त्यामुळे सराव नाही.

त्याऐवजी वाचन केलं. १९५३ साली पहिल्या तीनशे गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. आणि सगळ्या ऑटोमॅटिक! म्हणजे मूळ, अस्सल, खानदानी कॉर्व्हेट ऑटोमॅटिकच. हाताचा गिअर आला १९५५ साली. माझा पहिला विश्वासघात त्या वर्षी झाला. तेव्हा मी तिसरीत होतो.

जेवताना हे सांगितलं. सुचित्रा म्हणाली, भाजी वाढू का. विक्रम म्हणाला, Cool, Dad. वर मान न करता.

१३ सप्टेंबर, शनिवार.

मंडळाचा गणपती. आरतीनंतर वसुधाकाकूंनी मला बाजूला बोलावलं. काकू आमच्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. १९६४ साली एकट्या देशातून इकडे आल्या, तीस वर्षांच्या आतबाहेरची तरुण डॉक्टर. त्या वर्षी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अशीच निळी गाडी रोज उभी असायची म्हणाल्या. मनात यायचं, एकदा बसावं. पण साडीतल्या बाईने परक्या माणसाला कसं विचारायचं? मग राहूनच गेलं.

आता गुडघे गेले. दसऱ्यानंतर त्या मुलीकडे रेडमंडला जाणार, कायमच्या. म्हणाल्या, राजाराम, मला एक चक्कर मारून आणशील का रे?

मी म्हटलं, एक काय, दहा मारू. दसऱ्याला नक्की. मोठ्याने, शंभर माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुचित्रा तेवढी माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असणार.

संकल्प: आता रोज सराव.

२१ सप्टेंबर, रविवार.

आठवडाभर ऑफिस. सराव शून्य.

विचित्र गोष्ट. ओडोमीटर मागच्या रविवारपेक्षा एकेचाळीस मैल पुढे. गाडी जागची हललेली नाही. जुन्या मीटरची केबल तापमानाने आखडते-सैलावते, त्याचा हा परिणाम. हे मी कुठे वाचलेलं नाही, पण इंजिनिअरला समजतं. सीटही पुढे सरकलेली दिसली. तीही तापमानानेच.

४ ऑक्टोबर, शनिवार.

नाइलाजाने गुरुदत्तला विश्वासात घेतलं. बावीस वर्षांची दोस्ती. गिअरची गाडी तो रोज ऑफिसला ड्राइव्ह करतो. शपथ घालून सांगितलं, रविवारी सकाळी ये, गुपचूप शिकव. म्हणाला, येतो यार, त्यात काय.

५ ऑक्टोबर, रविवार.

आला नाही. फोन केला तर म्हणाला, कॅन्सल केलं यार, घरी पाहुणे आहेत. मागे पाहुण्यांचा आवाज नव्हता. फुटबॉलच्या मॅचचा होता.

जळत असणार. त्याच्याकडे स्टेशन वॅगन आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार.

योजना पक्की. मंडळाची वाहनपूजा मी आमच्याच ड्राइव्हवेवर ठेवून घेतली. विक्रम आणि त्याचे मित्र गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर आणतील. पूजेआधी इंजिन चालू करू नये, असा शास्त्रार्थ मी तयार केलाय. मग हार, स्वस्तिक, आरती. काकूंना आत बसवून फोटो. चक्कर मारण्याएवढी त्यांची तब्येत नाही, हे मी हळुवारपणे सांगेन. डॉक्टर आहेत, पटेल.

१२ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

लिंबं विसरलो होतो.

काकू स्वतः पिशवीतून चार लिंबं घेऊन आल्या. चारी चाकांखाली एकेक ठेवली. लिंबं चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही म्हणाल्या. मग आत बसल्या, पट्टा लावला आणि समोर बघत राहिल्या. ठेवणीतली पैठणी नेसून आल्या होत्या.

तब्येतीचा विषय काढला. म्हणाल्या, माझी तब्येत मी बघते, तू गाडी बघ.

बसलो. क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीला उचकी लागली आणि बंद पडली. लिंबं शाबूत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा काकूंचं डोकं डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, लिंबं काढून सरबत तरी करा.

मी खाली उतरून १९६४ च्या कार्बुरेटरविषयी दोन शब्द बोलणार होतो. तेवढ्यात सुचित्रा पुढे आली. जरा सरकता का, म्हणाली. पदर खोचला. चपला काढल्या. बसली.

चारी लिंबं एका दमात चिरडली. आवाजसुद्धा आला नाही. कोपऱ्यावर तिने दुसरा टाकला, पुढे तिसरा. काकूंचा हात खिडकीतून बाहेर, निरोप दिल्यासारखा. दोनच सीट, त्यामुळे मी ड्राइव्हवेवर. शेजारी तीस माणसं टाळ्या वाजवत होती.

पन्नास मिनिटांनी आल्या. हायवेवर गेल्या होत्या. काकू रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांनी सोनं म्हणून आपट्याचं पान सुचित्राच्या हातात ठेवलं. मला द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार. ऑफिसमध्ये, लंच अवर.

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

काल सगळे गेल्यावर विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, बाबा पाटबंधारे खात्यात होते, धरणाच्या साइटवर. सतराव्या वर्षापासून त्यांची जीप चालवायचे. घाटातसुद्धा. मी म्हटलं, अठरा वर्षांत हे सांगितलं नाहीस? म्हणाली, अठरा वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत. इथे आल्यावर तुम्हीच म्हणालात ना, तुला काही जमायचं नाही, ऑटोमॅटिकच घेऊ.

असं मी म्हणालो असेन. काळजीपोटी.

एकेचाळीस मैलांचाही उलगडा झाला. मी ऑफिसात असताना ती विक्रमला शिकवत होती. विक्रम म्हणाला, Dad, everybody knew. शिवाय म्हणाला की त्याला आता रिव्हर्ससुद्धा येतो. आणि गुरुदत्त! माझी शपथ मोडून त्याने सुचित्राला फोन केला होता. ती त्याला म्हणाली, तू राहू दे, मी बघते.

माझ्या गाडीने, माझ्या मित्राने, माझ्या मुलाने, माझ्या बायकोने. एकाच घरात इतकी माणसं एकजुटीने वागू शकतात, हे माहीत नव्हतं.

संकल्प: गाडी विकणे.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

काकू काल रेडमंडला गेल्या. एअरपोर्टवर सुचित्राला किती वेळ धरून ठेवलं होतं.

गाडी विकायची तर जाहिरात लिहावी म्हणून बसलो. चार पानं झाली. ३२७ क्युबिक इंचांचं इंजिन. डिस्क ब्रेक १९६५ ला आले, हिला ड्रम आहेत. १९८३ चं मॉडेल विक्रीला आलंच नाही, त्याचं कारण. सगळं तोंडपाठ, पुस्तक न उघडता.

मग सहज दुसऱ्या कागदावर सुचित्राविषयी लिहून बघितलं. जन्मतारीख लिहिली. आडनाव लिहिलं, माहेरचं. त्यापुढे धरण. धरणाचं नाव आठवेना. आठवेना कसलं, मला ते कधी माहीतच नव्हतं. कोणता घाट, तेही नाही. जीप घाटात चालवताना तिला भीती वाटायची का, तेही नाही. अर्धं पान झालं नाही.

म्हटलं, जाऊन विचारावं. आत्ताच. स्वयंपाकघरात नव्हती. गॅरेजमध्ये गेलो.

गाडी घेऊन बाहेर गेली होती.