नमुन्याचा कुर्ता

नागरवाडा, बडोदे

उन्मेषदादा,

“तुझा हा हात असेपर्यंत तू उपाशी राहणार नाहीस,” शिवण शिकवताना काकू मला म्हणाली होती. आज त्याच हाताची मला भीती वाटते.

उद्या कारखान्यात तू घड्याळ लावून माझ्याकडून नव्या कुर्त्याचा नमुना शिवून घेणार, आणि मला लागलेल्या वेळावरून सगळ्या बायकांचा नगामागचा दर ठरवणार. मागच्या खेपेला उत्कर्षाने भराभर शिवलं आणि दर उतरला. त्यानंतर डबा खाताना तिच्या शेजारी कोणी बसेना. शेवटी तिने काम सोडलं.

आज मंजुलाबेन हसत म्हणाली, “रसिकाबेन, उद्या जरा धीमे हां! आमची रोटली तुझ्या हातात छे.” बाकीच्या हसल्या नाहीत.

मुद्दाम सावकाश शिवलं, तर तू लगेच ओळखशील. तुझे कॉलेजचे शर्ट मीच शिवायचे. मग मला घरी बसवशील.

हे पत्र तुझ्या हाती द्यायचा धीर मला होणार नाही, आणि दिलं तरी तू नाहीच म्हणशील. तरी मागते. उद्या माझ्या जागी मंजुलाबेनला बसव. सुईत दोरा ओवायलाही तिला दोनदा चष्मा पुसावा लागतो. एकदा तिच्या हाताने दर ठरू दे.

तुझी धाकटी बहीण,
रसिका