घटकासुराचा शेवटचा भाग

आई, तुला मी टीव्हीवर खलनायक करून ठेवलंय. रागावू नकोस, आधी नीट ऐकून घे. मी लहान मुलांसाठी एक कार्टून मालिका लिहिते, तिची चित्रंही मीच काढते. तिच्यात एक शाळकरी मुलगी आहे. तिने नुसता तळहात पुढे केला की समोरची वस्तू जागच्या जागी थांबते, मग तो वरून पडणारा नारळ असो की ब्रेक फेल झालेला टेम्पो. तिच्या वैऱ्याचं नाव घटकासुर. तो गावातली सगळी घड्याळं गुपचूप पुढे सरकवतो, त्यामुळे लोकांच्या हातून जी मिनिटं निसटतात ती गोळा करतो आणि स्टीलच्या डब्यांत भरून फळीवर ओळीने लावून ठेवतो. उंच आहे, मिशा आहेत, अंगात काळा झगा आहे. तुला कोणी ओळखणार नाही याची पुरेपूर काळजी घेतली आहे. पण कामाला लागण्याआधी तो झग्याचं टोक कमरेला खोचतो, अगदी तू पदर खोचायचीस तसं, आणि समोरच्यावर खेकसतो, "वेळ काय तुझ्या बापाची आहे?" आमच्या सोसायटीतली पोरं हल्ली जिन्यात एकमेकांना हेच ऐकवतात. त्यांच्या आयांना वाटतं, हे वाक्य मला सुचलं.

गोखिवऱ्याच्या आपल्या खोलीतलं घड्याळ तू कायम पुढे ठेवायचीस. वालीवच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात तू डबे पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचीस, आणि तिथे उशिरा येणाऱ्या बाईला फाटकातूनच परत पाठवत, म्हणून हा बंदोबस्त असावा असं मला वाटायचं. सुरुवातीला घड्याळ थोडंच पुढे होतं. मग मी आणि बाबा ते थोडं मनातल्या मनात वजा करून निवांत चहा पिऊ लागलो. तुझ्या ते लक्षात आलं आणि तू काटा आणखी पुढे सरकवलास. आम्ही आणखी वजा करू लागलो. असं करत करत आपलं घर अख्ख्या वसईच्या पुढे निघून गेलं. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून वेळ विचारली की बाबा ओरडून विचारायचे, "खरी सांगू की आमच्या घरची?" काकू हसायच्या, तू मात्र हसायची नाहीस. सकाळी अंगावरची गोधडी ओढून तू म्हणायचीस, "उठतेस का पानी ओतू तोंडावर?" आणि दोनदा खरंच ओतलंस. आपल्या घराची ही गंमत आहे, असंच मी तेव्हा धरून चालले होते.

मग माझी चित्रकलेची परीक्षा आली. सेंटर वसईच्या शाळेत होतं. मी रंग, ब्रश, पाण्याचा डबा, सगळं पिशवीत भरून तयार होते. घड्याळाकडे बघितलं, नेहमीचं वजा केलं आणि आणखी एक भाकरी वाढून घेतली. मला काय माहीत की आदल्या दिवशी बाबांनी घड्याळात नवा सेल घातला होता आणि रेडिओ लावून काटे बरोबर करून ठेवले होते! त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा घरातलं एक काम न सांगता केलं आणि नेमकं तेच माझ्या मुळावर आलं. काकूंच्या रेडिओवर बातम्या सुरू झाल्या तेव्हा घड्याळ खरी वेळ दाखवतंय हे कळलं आणि मी हातातला घास टाकून उठले. तुला त्या दिवशी सुट्टी होती. तू पदर खोचलास, माझं मनगट धरलंस आणि रस्त्यात उभी राहून जी पहिली रिक्षा दिसली तिच्या आडवी गेलीस. रिक्षावाला शिव्या द्यायला तोंड उघडतोय तोवर आपण आत बसलेलो होतो.

शाळेच्या फाटकात सर उभे आहेत. ते मान हलवतात, "बाई, पेपर सुरू झालाय, आता घेता येणार नाही." मी रडायला लागते. आणि तू, चौथीपर्यंत शिकलेली, सरांपुढे कधी डोकं वर न केलेली तू, सरळ त्यांच्याकडे बघून म्हणतेस, "सर, पोरीला घड्याळानं फशवलंय. शिक्षा करायची तर घड्याळाला करा, मी आनून देते." सरांना हसू आवरलं नाही. त्यांनी मला आत सोडलं. मी आज हातात पेन्सिल धरून पोट भरते ते त्या एका वाक्याच्या जिवावर, हे तू होतीस तोवर तुला सांगायचं राहूनच गेलं. बाहेर येईपर्यंत तू फाटकापाशीच उन्हात उभी होतीस. घरी आल्यावर मात्र व्याजासकट बोलणी बसली, "वेळ काय तुझ्या बापाची हाय?" आणि बाबा कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "आज बापाचीच होती गं." त्यांना त्या संध्याकाळी चहा मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी तू तांदूळ निवडत बसली होतीस आणि मी रागाने म्हटलं, सगळ्यांच्या घरी घड्याळं बरोबर असतात, आपलंच का वेडं? तू सुपातून मान वर केली नाहीस, पण सांगितलंस. मी पाळण्यात होते तेव्हा तुझ्या माहेराहून, चांदीपहून, एक माणूस निरोप घेऊन आला. तुझे वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि सारखं तुझं नाव घेत होते. तू दुपारची एसटी धरायचं ठरवलंस. घड्याळात अजून वेळ होता म्हणून मला आंघोळ घातलीस, बाबांसाठी भात टाकलास. तेव्हाच्या घड्याळाचा सेल मरायला टेकला होता, ते मागे पडलं होतं. स्टँडवर पोचलीस तेव्हा एसटी निघून गेलेली. पुढची मिळेपर्यंत उन्हं कलली, आणि तिकडे ते गेले. लेकीने येऊन तोंडात पाणी घालावं म्हणून तिकडे सगळे थांबले होते, पण दिवस मावळायच्या आत न्यायला हवं, म्हणून अखेर भावाने पाणी घातलं आणि त्यांना उचललं. "मी बांधावर पोचले तवा मानसं परत येत होती. वल्ल्या अंगानं," एवढं बोललीस आणि पुन्हा खडे वेचायला लागलीस. मी उठून तुझ्यासाठी पाणी आणलं, ते तू घेतलंस आणि बाजूला ठेवलंस.

आता मुद्द्याचं. मालिका संपत आली आहे आणि शेवटच्या भागात घटकासुराचं काय करायचं यावर आमच्यात जुंपली होती. चॅनेलच्या बाई स्क्रीनवरून म्हणाल्या, "सिंपल ठेवा ना. ती मुलगी त्याचं मोठं घड्याळ फोडते, तो एका सेकंदात म्हातारा होतो आणि धूळ होऊन उडून जातो. मुलांना मजा येते." आमचा दिग्दर्शक, तसा गुणी पोरगा, तोही म्हणाला, "ताई, व्हिलनला एवढा भाव कशाला देताय?" मी म्हटलं, तो दुष्ट नाही, तो एकदा उशिरा पोचलेला माणूस आहे, आणि इतर कुणाला उशीर होऊ नये म्हणून सगळ्या गावाची घड्याळं पुढे ढकलत सुटलाय, मिनिटं चोरतो ती सुद्धा एका जागी परत जाता यावं म्हणून. बाई म्हणाल्या, जमत नसेल तर हा भाग दुसरं कोणी लिहील. त्यांनी ते गोड आवाजात सांगितलं, पण अर्थ कडूच होता. आई, मी भांडखोर नाही, तुला माहीत आहे. मी आयुष्यभर लोकांचं ऐकत आले. पण तुला धूळ होऊन उडताना मी माझ्या हाताने काढणार नव्हते आणि दुसऱ्या कोणाला काढू देणार नव्हते. मी सांगितलं, दुसऱ्याला द्या खुशाल, पण आधी माझा शेवट बघा. आणि आठवडाभर दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही.

मी काढलेला शेवट असा आहे. मुलगी घड्याळ फोडत नाही. तिला डब्यांची ती फळी दिसते, घटकासुराचा चेहरा दिसतो, आणि ती तळहात आकाशाकडे करते. मावळतीचा सूर्य थांबतो. एसटी स्टँडवर थांबते, वाऱ्याने वाकलेलं भात वाकलेलंच राहतं. त्या थांबलेल्या उन्हात घटकासुर एकटाच बांधावरून पळत जातो, झगा खोचून, आणि एका घराच्या ओसरीवर पोचतो. खाटेवरचा म्हातारा डोळे उघडून त्याच्याकडे बघतो. घटकासुर त्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालतो. मग सूर्य मावळतो. बाईंनी चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. राहू दे. पण त्याला शेवटी एक सॉलिड डायलॉग पाहिजे." मी हो म्हटलं. एवढी लढाई जिंकल्यावर एका वाक्याचं काय, असं मला वाटलं होतं.

काल आवाजांचं रेकॉर्डिंग झालं. घटकासुराचा आवाज देणारे गृहस्थ काचेपलीकडून म्हणाले, "ताई, पाणी घातल्यावर इथे जागा कोरी आहे. काय बोलू?" मी म्हटलं, काहीच नाही, नुसता धापेचा आवाज ठेवा. दिग्दर्शकाने टाळी दिली, "एक नंबर, ताई! सायलेन्समध्येच सगळं आलं." चॅनेलच्या बाईंनाही पटलं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून तुला तेवढं खरं सांगते. ती जागा मी मुद्दाम कोरी ठेवली नव्हती. आठवडाभर तिथे वाक्य लिहीत होते आणि खोडत होते. वेळेवर पोचली असतीस तर तू तुझ्या वडिलांशी काय बोलली असतीस, ते मला माहीतच नाही गं आई.